किल्ल्यांचा जुडगा

संपादकांचे पत्र आषाढात आले. यंदाच्या दिवाळी अंकाला 'कुलूप' हा विषय योजिला असून तिजोऱ्यांची, वाड्यांची आणि ओठांची कुलपे इतर लेखकांकडे सोपविली आहेत, तेव्हा विद्येच्या कुलपांकडे आपण पाहावे, आणि तेही घरी खुर्चीत बसून नव्हे तर कोठे तरी जाऊन पाहावे, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. विद्वानांचे निबंध कोण छापतो, ते कोणाच्या वाचनात येतात, महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हल्ली ग्रंथ किती आणि संकेतशब्द किती, हा ऐवज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांच्या गळी कसा उतरवावयाचा या विवंचनेत दोन-तीन आठवडे गेले, आणि श्रावणाच्या मध्यास मी सोलापूरहून धाराशिवची एसटी धरली.

धाराशिवच का, असे वाहकाच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले, आणि त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. तेरचे प्राचीन नगर, धाराशिवची लेणी, सास्तूरचा भूकंप आणि उस्मानाबादी शेळी यांच्यावर विद्वज्जगतात जेवढे लिहिले गेले, तेवढे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले असेल. आणि ज्याची गणना नीती आयोगाने 'आकांक्षित' म्हणजे सरळ मराठीत मागासलेल्या जिल्ह्यांत केली, त्या या मुलखात बसून ते सारे वाचावयाचे म्हटले तर काय काय करावे लागते, हे मला पाहावयाचे होते. "मग शेळीचंच बघा," ते गृहस्थ म्हणाले, "तिच्यावर लिहिलंय म्हणता, ते आम्हाला तर काही दिसलं नाही." त्यांच्या घरी शेळ्या होत्या.

सतरा किल्ल्या

ज्या महाविद्यालयात मी प्रथम गेलो त्याचे नाव सांगत नाही. एका शिक्षणसंस्थेने चालविलेले, प्राध्यापकांचे पगार शासनाच्या अनुदानातून होणारे, मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला असते तसे ते एक महाविद्यालय. त्याचे ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर, आणि ग्रंथालयाच्या निम्म्या भागात अभ्यासिका. अभ्यासिका गच्च भरलेली होती. तलाठ्याच्या, पोलिसाच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षांना बसणारी मुले-मुली आपापली पुस्तके घरून आणून, पंख्याखालची जागा धरून, सकाळी आठापासून बसली होती; ग्रंथालयाच्या ग्रंथांशी त्यांचा संबंध एवढाच की, कपाटांच्या काचांत ती अधूनमधून आपले केस नीट करीत.

"मामा, ज्ञानकोशाचं कपाट उघडा," ग्रंथपाल म्हणाले. मामा म्हणजे शिपाई. या बाजूच्या शाळा-महाविद्यालयांत शिपायाला दुसरे नाव नसते. मामांनी कमरेचा जुडगा काढला. मी मोजल्या, सतरा किल्ल्या होत्या. "ह्याची किल्ली अडकती बघा, साहेब," असे म्हणत त्यांनी तेलाचे बोट कुलपाला लावले, खालची फळी गुडघ्याने दाबली, आणि तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश एका ओलसर वासासह आमच्यासमोर प्रकट झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भागधारक जमविले, गावोगावच्या वर्गणीदारांच्या भरवशावर खंडामागून खंड छापले. विद्या हा दानाचा नसून व्यवहाराचा विषय आहे हे त्या गृहस्थाने या शतकातील कोणत्याही प्रकाशकाआधी ओळखले होते. एका खंडाच्या आतील तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का १९९७ सालचा होता.

"कुलूप कशासाठी?" या माझ्या प्रश्नावर ग्रंथपाल हसले. ग्रंथपडताळणीत एक पुस्तक कमी भरले की जाब त्यांना. सेवानिवृत्तीच्या वेळी ना-हरकत दाखला अडतो, किंमत वसूल होते. सबब ज्या ग्रंथपालाने पुस्तके वाचकांच्या हाती मोकळी दिली तो अडचणीत, आणि ज्याने कुलपात ठेवली तो सुरक्षित, असा हा शिरस्ता आहे. गंमत अशी की, हाच ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने महाजालावर आणून ठेविला आहे आणि अभ्यासिकेतली कोणतीही मुलगी तो हातातल्या भ्रमणध्वनीवर या क्षणी फुकट उघडू शकते. मी तसे एकीला सांगितले. तिने उघडून पाहिला, 'उस्मानाबाद' शोधले, आणि परीक्षेला येईल असे त्यात काही नाही अशी खात्री झाल्यावर पुन्हा आपल्या चालू घडामोडींकडे वळली.

'पाहा' आणि 'हेही पाहा'

तालिकेची जुनी लाकडी खणपेटी अद्याप कोपऱ्यात उभी आहे. संगणकावर 'सोल' नावाची, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने तयार केलेली प्रणाली आल्यापासून त्या खणांत मामांची सुतळी आणि गोंदाच्या बाटल्या असतात. तथापि एका खणात तालिकापत्रे शिल्लक होती आणि त्यांतील एकावर कोणा पूर्वीच्या ग्रंथपालाने सुंदर वळणदार अक्षरात लिहिले होते: 'नळदुर्ग जिल्हा. पाहा: उस्मानाबाद'.

या दोन शब्दांत एका जिल्ह्याचा इतिहास सामावला आहे. निजामाच्या अंमलात हा आधी नळदुर्ग जिल्हा होता. १९०४ साली मुख्य ठाणे धाराशिवला आले, आणि पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने गाव व जिल्हा उस्मानाबाद झाले. १९८२ साली लातूर वेगळा निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव राजपत्रात धाराशिव झाले. आता जो कोणी विद्यार्थी संगणकावर 'धाराशिव जिल्हा' हे शब्द घालून संशोधन शोधील, त्याला गेल्या दोन-तीन वर्षांचे तेवढे सापडेल; शंभर वर्षांचे निबंध 'उस्मानाबाद' या नावाखाली गुपचूप बसलेले असतील, आणि १९८२ पूर्वीच्या 'उस्मानाबाद'मध्ये लातूर, औसा, किल्लारीही असतील. जेम्स बर्जेसने १८७८ सालच्या आपल्या अहवालात येथील लेण्यांना 'धारासिंव' म्हटले, ते आणखी निराळे. लाकडी पेटीतल्या ग्रंथपालाने दोन मिनिटांत, एका तालिकापत्रावर 'पाहा' लिहून जे काम केले असते, ते करावयाचे कोणी हे आता कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. शासनाने पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, रेल्वेस्थानकाचे फलक बदलले. तालिका बदलण्याची तजवीज करावयाची असते हे कोणाच्या ध्यानीही आले नसावे, आणि नामांतरावर एवढा कोलाहल झाला त्यात ग्रंथपालाचा आवाज ऐकू येण्याचे कारणही नव्हते.

आर, एस, जे

त्या ग्रंथालयात एक बाई नित्य येतात. घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे ज्याला सर्वत्र 'सीएचबी' म्हणतात त्या पद्धतीने, दोन महाविद्यालयांत त्या इतिहास शिकवितात. तासाला पैसे, सुट्टीला नाही. विद्यावाचस्पती झाल्याला दहा वर्षे होऊन गेली. प्रबंधाचा विषय तेर.

तेरविषयी थोडे सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या तगर नगरातून सुती वस्त्रे भडोचला जात, ते हेच तेर होय, असे जे. एफ. फ्लीटने १९०१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सिद्ध केले. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्सने पुरातत्त्व खात्याच्या वार्षिकात येथील त्रिविक्रमाच्या देवळाचे आणि पांढरीच्या टेकाडांचे वर्णन दिले. १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल छापून बाहेर पडावयास १९६९ साल उजाडले. येथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. धाराशिवच्या लेण्यांची कथा सांगणारे 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य हिरालाल जैनांनी संपादून १९३४ साली कारंज्याहून प्रसिद्ध केले. यांतले फ्लीट आणि कझिन्स आज महाजालावर सहज सापडतात, कारण त्यांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने तेरविषयी लिहिलेले घरबसल्या मिळते. दहा वर्षांपूर्वी तेरपासून एसटीच्या अंतरावर राहणाऱ्या बाईंनी लिहिलेले शोधून सापडत नाही.

न सापडण्याचे कारण मला त्यांनी स्वतःच्या संगणकावर दाखविले, आणि हा प्रकार मी जन्मात विसरणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांत प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याचा दंडक घातला आणि इन्फ्लिबनेटने 'शोधगंगा' हे भांडार उघडले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही, कोठूनही, विनामूल्य वाचता येतात. जगात एवढे मोठे उपक्रम फार नाहीत आणि आपण त्याचा योग्य अभिमान बाळगावा. बाईंचा प्रबंध तेथे आहे. मुखपृष्ठ उघडते, पाने उलटतात, मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात. मग त्यांनी शोधचौकटीत 'तेर' असे लिहिले. संगणकाने सांगितले, हा शब्द या लेखनात नाही. दोनशे बारा पानांचा तेरवरचा प्रबंध, आणि त्यात तेर नाही.

त्यांनी एक ओळ निवडली, तिची नक्कल कोऱ्या पानावर डकविली. आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा एक निरर्थक पुंजका तेथे उमटला. 'तेर'च्या जागी तीन अक्षरे होती: आर, एस, जे. 'मराठी'च्या जागी इ, जे, के, बी, एच. प्रबंध टंकलिखित झाला तो 'कृतिदेव' या टंकात. अशा टंकांत संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरेच साठविलेली असतात. केवळ आर या अक्षराला तचे, जे या अक्षराला रचे सोंग दिलेले असते. वाचणाऱ्या डोळ्याला सोंग दिसते, शोधणाऱ्या यंत्राला मूळ माणूस. युनिकोड आल्यावर प्रत्येक देवनागरी अक्षराला जगन्मान्य क्रमांक मिळाला आणि हे सोंग अनावश्यक झाले. तथापि टंकलेखकांचे हात कृतिदेववर, श्रीलिपीवर बसलेले होते, छापखान्यांच्या प्रणाल्या त्यांवरच चालत, आणि विद्यापीठाच्या नियमात 'मराठी टंक' एवढेच म्हटलेले असे. असे किती मराठी प्रबंध त्या भांडारात आंधळे होऊन पडले असतील त्याची कल्पना करवत नाही. दोष भांडाराचा नाही. दाराशी आणून दिले ते त्याने जपून ठेविले.

याची आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगताना बाई जरा दबकल्या. वाङ्मयचौर्य पकडणारी जी प्रणाली २०१९ पासून विद्यापीठांना पुरविली जाते, तिलाही सोंगापलीकडचेच दिसते. एकाने कृतिदेवात लिहिलेले दुसऱ्याने युनिकोडमध्ये उतरून घेतले तर त्या दोन लेखनांत एकही अक्षर समान नाही असे यंत्र प्रामाणिकपणे सांगेल. "माझं तिसरं प्रकरण असंच एकाच्या पुस्तकात निघालं," त्या म्हणाल्या. कोणाच्या, ते मी विचारले नाही.

गुणांची पेठ

वाचण्याची ही कथा. लिहिण्याची याहून विलक्षण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकाच्या बढतीसाठी निबंधांना गुण ठरवून दिले. तालुक्याच्या गावी आठवड्याला सोळा-अठरा तास शिकविणारा, परीक्षेच्या आणि निवडणुकीच्या कामाला जुंपलेला, प्रयोगशाळा अगर दप्तरखाना हाताशी नसलेला शिक्षक अकस्मात 'संशोधक' झाला. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतोच. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रे भरू लागली. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, सायंकाळी प्रमाणपत्र, आणि नोंदणीशुल्कात समाविष्ट असा एखाद्या नियतकालिकाचा 'विशेषांक', ज्यात शे-दीडशे निबंध एका बाडात बांधलेले. मुखपृष्ठावर ठळक आठ अंकी आयएसएसएन.

या क्रमांकाविषयी एवढा गैरसमज आहे की थोडे थांबून सांगणे अवश्य वाटते. तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून विनामूल्य मिळतो आणि त्याचा अर्थ मोटारीच्या नंबरपाटीइतकाच: ही गाडी अमुक आहे. ती चालते की नाही, चालविणाऱ्याला परवाना आहे की नाही, याच्याशी त्या पाटीचा संबंध नाही. परंतु आमच्या चर्चासत्रांतून 'आयएसएसएन असलेले' हे विशेषण 'हॉलमार्क असलेले' या चालीवर उच्चारले जाते.

आयोगाने आवर घालण्याचा यत्न केला. २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी निघाली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेल्यांतली हजारावर नियतकालिके तपासून २०१८ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की, त्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट होती. त्याच वर्षी २ मे रोजी ४,३०५ नावे यादीतून कमी करण्यात आली. २०१९ च्या जूनमध्ये 'केअर' ही नवी यादी आली. तिच्यामुळे चाळणी काहीशी बारीक झाली खरी. पण यादीतल्या प्रतिष्ठित नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी बनावट संकेतस्थळेही आली, आणि ग्रामीण शिक्षकांची फसगत त्यांतच अधिक झाली. अखेरीस ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत आयोगाने 'केअर' गुंडाळण्याचे ठरविले, फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे जाहीर केले, आणि नियतकालिकाची पारख ज्याची त्याने करावी म्हणून सूचक निकष तेवढे दिले. योगायोग असा की, त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एका हाताने भाषेला शालजोडी मिळाली, आणि त्याच दिवशी तिच्यातले संशोधन कोठे छापावे याचा एकमेव सरकारी पत्ता गेला. शोक करण्याजोगा तो पत्ता होता असे मात्र मी म्हणणार नाही.

"२०२२ च्या नियमानं पीएचडीला निबंध छापायची सक्ती काढली, सर," ग्रंथपाल म्हणाले, "पण मुलाखतीला गेलं की विचारतातच, किती पेपर आहेत." त्यांच्या टेबलामागे विशेषांकांची चळत होती, लेखकांनी भेट दिलेली, दाखल क्रमांक पडलेली. यांतले कोणी वाचावयास नेले आहे का, हे देवघेवीच्या नोंदवहीत त्यांनी माझ्यासमोर पाहिले. कोणी नेले नव्हते. त्याच कपाटात वरच्या फळीवर 'अस्मितादर्श' आणि 'प्रतिष्ठान' या मराठी नियतकालिकांचे जुने बांधीव अंक होते. त्यांना गुण कधीच मिळाले नाहीत, आणि त्यांच्या कडा बोटांनी काळ्या पडल्या होत्या.

एका राष्ट्राची वर्गणी

आता मोठ्या कुलपाकडे वळू. शास्त्रज्ञ सार्वजनिक पैशाने संशोधन करतो, निबंध फुकट लिहून देतो. दुसरा शास्त्रज्ञ तो फुकट तपासून देतो. आणि प्रकाशक तो त्यांच्याच ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतो. जिल्ह्यातल्या भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या घरोघर आहेत, तेथल्या एका मास्तरांना मी हा व्यवहार समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे म्हैस आमची, दूध आमचं, जळण आमचं, ढवळायचंही आम्हीच, आणि खवा विकत?" याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात आढळली नाही. अलीकडे पर्याय निघाला आहे तो असा की, वाचकाने पैसे देऊ नयेत, लेखकाने द्यावेत. 'नेचर'ने २०२१ साली हा दर एका निबंधाला ९,५०० युरो असा लावून आरंभ केला. सीएचबीच्या बाईंना तो आकडा सांगितला तेव्हा त्यांनी रुपयांत करून पाहिला नाही, हसून सोडून दिला.

केंद्र सरकारने यावर जो तोडगा काढला त्याचे नाव 'एक राष्ट्र, एक वर्गणी'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, आणि लाभार्थी अंदाजे १ कोटी ८० लाख. एकेका विद्यापीठाने एल्सेव्हिअर-स्प्रिंगरशी स्वतंत्र घासाघीस करण्यापेक्षा साऱ्या देशाने एकदम करावी यात शहाणपण आहे, हे निःसंशय. परंतु योजनेचा लाभ कोणाला, तर केंद्र आणि राज्य शासनाने चालविलेल्या संस्थांना. धाराशिव शहरात याचा अर्थ फार मौजेचा होतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आत. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आत. विद्यापीठाचे उपकेंद्र आत. आणि शिक्षणसंस्थांनी चालविलेली कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये, जेथे जिल्ह्यातली बहुतेक पोरे शिकतात, ती? पगार शासन देते, पण चालविते संस्था. 'शासकीय' या शब्दाच्या उंबऱ्यावर ती उभी आहेत. खासगी संस्थांचा विचार पुढल्या टप्प्यांत व्हावयाचा आहे.

त्यांच्यासाठी २०१० पासून 'एन-लिस्ट' नावाची धाकटी सोय आहे. वर्षाला करासह ५,९०० रुपये भरले की सहा हजारांवर नियतकालिके आणि लक्षावधी ग्रंथ पडद्यावर खुले होतात. एका लाकडी कपाटाच्या किमतीत एवढा ऐवज मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आमच्या ग्रंथपालांनी वर्गणी भरलेली होती. पावती महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या फाइलीत व्यवस्थित लावलेली होती. मग वापर किती, असे विचारताच त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही धोरणाच्या मसुद्यात सापडणार नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आणि ई-पत्ता कळविला की संकेतशब्द त्या पत्त्यावर जातो. विद्यार्थ्यांचे ई-पत्ते आहेत. शिष्यवृत्तीचा 'महाडीबीटी'चा अर्ज भरताना ते लागतात. पण तो अर्ज मुलगा स्वतः भरीत नाही, एसटी स्टँडसमोरचा नेटकॅफेवाला भरतो, आणि घाईच्या दिवसांत ई-पत्ताही तोच काढून देतो. त्याचा संकेतशब्द त्याच्या वहीत. "म्हणजे बघा सर," ग्रंथपाल म्हणाले, "केम्ब्रिजची, ऑक्सफर्डची पुस्तकं उघडायची किल्ली आम्ही तीनशे पोरांना पाठवली, आणि ती बहुतेकांची गेली स्टँडवरच्या एका माणसाकडे." हे ध्यानात आल्यावर ते त्या दुकानात गेले होते. दुकानदार भला माणूस. त्याने वही काढून दिली. तिच्यात दीडशेच्या वर ई-पत्ते होते आणि पुष्कळांचा संकेतशब्द एकच, त्याच्या मुलीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

सास्तूरची जमीन, बंगळूरची शेळी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची धरणी हलली. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला मी गेलो तेव्हा एका वृद्ध शिक्षकांनी विचारले, "इथं भूकंप का झाला, हे शेवटी कळलं का?" प्रश्न साधा होता आणि तीस वर्षे शिळा होता.

वस्तुतः त्यावर ग्रंथालय भरेल इतके लिहिले गेले. बंगळूरच्या भारतीय भूविज्ञान परिषदेने १९९४ सालीच हर्ष गुप्तांनी संपादिलेला एक अख्खा ग्रंथ, आपल्या मालेतला ३५ वा, लातूर भूकंपाला वाहिला. 'करंट सायन्स'ने निबंध छापले, आणि ते नियतकालिक दीर्घकाळ कोणालाही विनामूल्य वाचावयास मोकळे आहे. अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ जिऑफिजिकल रिसर्च'मध्ये १९९६ साली सीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहिला, त्याचा मथळाच प्रश्नार्थक होता: बेसॉल्टच्या थरांत हा नवाच भ्रंश की काय? स्थिर मानलेल्या खंडाच्या पोटात असा धक्का बसावा, हे जगाला कोडे होते. मी त्या वृद्ध शिक्षकांना जमेल तसे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हे आमच्या शाळेत कोणी का लिहून लावलं नाही?"

शेळीचेही तसेच. उस्मानाबादी शेळी, बहुधा काळी, वरचेवर जुळी देणारी, दुष्काळात तग धरणारी. तिला उष्मा किती सोसतो याचा मलबारी आणि सेलम ब्लॅक या जातींशी ताडून अभ्यास बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेत झाला आणि त्यावरचे निबंध परदेशी प्रकाशकांच्या नियतकालिकांत इंग्रजीत आले. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे बदललेले नाही. निदान तिच्यावरचे लेखन सापडावयास तरी अडचण नाही. एसटीत भेटलेल्या गृहस्थांना मी ते कळविण्याचे वचन दिले होते. एका निबंधाचा सारांश मिळाला. पुढे पैशाची मागणी होती. सार्वजनिक पैशाने शेळी उन्हात बांधली, सार्वजनिक पैशाने तिचा ज्वर मोजला. ब्राझीलने १९९७ पासून 'सायलो' उभारून आपल्या देशातली नियतकालिके, पोर्तुगीज भाषेतली धरून, सार्वजनिक खर्चाने साऱ्यांना खुली केली. सहा हजार कोटींचा काही अंश तशा कामी लागता तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. तीस प्रकाशकांच्या यादीत 'नवभारत' किंवा 'भाषा आणि जीवन' ही मराठी नियतकालिके कोणी शोधू नयेत.

साठ पाने

शेवटच्या सायंकाळी बाईंबरोबर मी झेरॉक्सच्या दुकानात होतो. कित्येक वर्षे या मुलखातले खरे विद्यापीठ ग्रंथालय हे दुकानच आहे. एक पुस्तक येते आणि त्याची पन्नास होऊन जातात. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दावा लावला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी शिक्षणासाठी केलेल्या प्रतींना कायद्याची मुभा आहे असे म्हणून तो फेटाळला. तेच न्यायालय २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'साय-हब' बंद करण्याचा हुकूम देते झाले. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ साली उघडलेली, कुलपातले निबंध फुकट देणारी ती चोरवाट इकडे किती जण वापरीत, हे मी विचारले तेव्हा सर्वांनीच दुसरीकडे पाहिले. कागदाच्या प्रतीला मुभा आहे, पडद्यावरच्या प्रतीला नाही. कायदेपंडित याची उपपत्ती सांगतील.

दुकानातला मुलगा कृतिदेवचे युनिकोड करून देतो, पानाला काही पैसे घेतो. पण रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर उडी मारते, जोडाक्षरे फुटतात. 'त्रिविक्रम' प्रत्येक वेळी निराळा निघतो. म्हणून बाई एकेक पान घेऊन मूळ प्रतीशी रुजवात घालतात, रोज तास संपल्यावर, बस लागेपर्यंत. कोणी सांगितलेले नाही, गुण मिळणार नाहीत. साठ पाने झाली होती, एकशे बावन्न उरली होती.

"आता शोधून बघू," त्या म्हणाल्या, आणि चौकटीत 'तेर' लिहिले.

सात जागी सापडला. मुलगाही वाकून पाहू लागला. पहिला खरोखरीच तेर होता; दुसरा तेरणा नदी; पुढचे तिन्ही 'तेराव्या शतकात'. बाईंनी उरलेले दोन पाहिले, एका वेलांटीवर बोट ठेविले, ती दुरुस्त केली, आणि एकसष्टावे पान मागितले.